उंबरा न ओलांडता चालायला नेणाऱ्या टेंबेबाई

नलिनीबाई टेंबे यांना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मीही चार शब्द द्यावेत, असं समितीची मंडळी घरी येऊन सांगून गेली. मी म्हटलं, "मला अक्षर येत नाही." ते म्हणाले, "काही हरकत नाही, आजी." हरकत मला नव्हतीच, ती माझ्या सुनेला, सुनंदाला होती, कारण मी सांगते आणि लिहिते ती. मी चार वाक्यं बोलले की ती दोन उतरवते, आणि वर म्हणते, "आत्या, हा ग्रंथ आहे, आपला ओटा नाही." तेव्हा हा लेख जिथं सरळ चालेल तिथं सुनंदा आहे आणि जिथं घसरेल तिथं मी आहे, असं धरून वाचकांनी वाचावा.

बाईंची आणि माझी पहिली गाठ एका खिडकीवरून पडली. आम्ही खडकीला दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. माझे यजमान कारखान्यात, टेंबेसाहेबही कारखान्यातच; फरक एवढाच, की टेंबेसाहेबांना खुर्ची होती. मी चाळिशीची होते आणि बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायचं काम करत होते. कोमट तेल, कढत पाणी, शेगडीचा शेक, ओव्याची धुरी, कानाला फडकं, पोटाला पट्टा, आणि सव्वा महिना बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, हे माझं शास्त्र. ते मी सासूकडून शिकले होते आणि त्यात बदल करावा असं काही मला दिसलेलं नव्हतं.

त्या दिवशी एका घरी मी बाळंतिणीचे पाय चोळत बसले होते. तेवढ्यात तिशीतल्या एक बाई आत आल्या. पाचवारी पातळ, खांद्याला पिशवी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. बूट त्यांनी दाराशी काढले, एवढं त्यांच्या बाजूनं सांगते. आत येऊन कुणाला काही न विचारता त्यांनी खिडकी उघडली.

मी म्हटलं, "बाई, वारा लागेल तिला."

त्या म्हणाल्या, "त्यासाठीच उघडली."

मी उठून खिडकी लावली. त्यांनी बाळंतिणीची विचारपूस करता करता पुन्हा उघडली. मी पुन्हा लावली. तिसऱ्या वेळी ती बाळंतीणच म्हणाली, "तुम्ही दोघी बाहेर जाऊन काय ते ठरवा, मला जरा पडू द्या."

बाहेर ओट्यावर कळलं, की बाई शहरातल्या एका प्रसूतिगृहात फिजिओथेरपिस्ट आहेत. हा शब्द मी आजही एका दमात म्हणत नाही. माझ्या लेखी त्या व्यायामाच्या डॉक्टरीण. बाळंत झालेल्या बायकांना बेताबेतानं हालचाल शिकवायची, हे त्यांचं काम.

"म्हणजे मी जिला निजवायचं, तिला तुम्ही उठवायचं?" मी विचारलं.

"बरोबर समजलात," बाई म्हणाल्या. "आणि फार लवकर समजलात. लोकांना वर्ष लागतं."

हे कौतुक होतं की टोमणा, ते मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर वर्षभर आम्ही एकमेकींना टाळलं. मी त्यांना मागे बूटवाली म्हणायचे. त्या मला मागे काय म्हणायच्या याची मी बरीच चौकशी केली, पण त्या काहीच म्हणत नव्हत्या. याचाही मला राग यायचा. मग एका रविवारी त्या थेट माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "यमुनाबाई, मला तेल लावा."

"तुम्हाला काय झालंय?"

"काही नाही. तुम्ही काय करता ते मला बाहेरून बघून कळत नाही."

तासभर त्या चटईवर पडून होत्या आणि तोंड एक क्षण बंद नव्हतं. हा हात खालून वर का, इथं जोर कमी का, पोटाला आधी का नाही. वीस वर्षं मी हे काम करत होते, पण मला "का" असं कुणी विचारलं नव्हतं. दोनदा मला विचार करून उत्तर द्यावं लागलं. एकदा उत्तर नव्हतंच, तसं मी सांगितलं. निघताना बाई म्हणाल्या, "तुमचे हात फार चांगले आहेत. बाळंतिणीला अशा हातांची गरज असते. फक्त चोळता चोळता तिच्या माहेरच्यांनी काय पाठवलं नाही, ते तिला सांगत जाऊ नका." बाईंचा मान देण्याचा प्रकार हा असा. आधी पाट मांडतात आणि मग त्यावरून जरा सरकायला सांगतात.

आता सुनंदाची गोष्ट. ही सांगावी की नाही ते मी तिलाच विचारलं. पेन खाली ठेवून ती म्हणाली, "लिहू या. नाव घालून लिहू या, नाहीतर लोकांना वाटेल दुसऱ्याच कुणाची."

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, पण सुनंदाला आई नव्हती. म्हणून ते आमच्याकडे झालं. मी मनातून खूश होते. जगाच्या लेकीसुना न्हाऊ घातल्या, आता घरचीच मिळाली. मुलगी झाली. मी माझं सगळं शास्त्र तिच्यावर ओतलं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी, दोन वेळा शेक. दहाव्या दिवशी सुनंदाचं अंग तुकतुकीत झालं होतं आणि चेहरा रोज थोडाथोडा विझत चालला होता.

ती भांडत नव्हती, तक्रार करत नव्हती. ऊठ म्हटलं की उठायची, खा म्हटलं की खायची. बाळ रडलं की भिंतीकडे बघायची. बाळाला पाजायची आणि शेजारणीचं भांडं परत करावं तसं माझ्या हातात द्यायची. बाळ झोपलं तरी हिचे डोळे उघडेच.

मला आधी वाटलं, माझं काही लागलं असेल. आठवून बघितलं तर बोललेलं बरंच निघालं. त्यातल्या तीन गोष्टींबद्दल मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "कशाबद्दल?" म्हणजे तेही नव्हतं. मग मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. मग अशक्तपणा असेल म्हणून दोन लाडवांचे चार केले. मला पोटाचं दुखणं कळत होतं, म्हणून मी सगळं दुखणं पोटातच शोधत बसले, ही माझी चूक. दुसरी चूक त्याहून मोठी. मी हे कुणाला कळू दिलं नाही. बाळंतिणी सांभाळणारीच्याच घरी बाळंतीण कोमेजली, असं कोण ऐकून घेईल?

माझा मुलगा दत्ता एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, हिला येरवड्याला न्यावं लागेल का?" पुण्यात येरवडा म्हटलं की तुरुंग नाहीतर वेड्यांचं इस्पितळ, तिसरं काही कुणाच्या डोक्यात येत नसे. मी म्हटलं, "हा शब्द घरात पुन्हा काढलास, तर आधी तुला पोचवून येईन." मोठ्या तोंडानं म्हटलं, पण माझ्याही मनात तेच होतं.

सोळाव्या दिवशी दुपारी मी बाळाची टाळू भरत होते. सुनंदा शांतपणे म्हणाली, "आत्या, हिला तुम्हीच ठेवून घ्या. मला हिची आई होता येत नाही. मी नसले तर हिचं बरं होईल."

शेजारी हमीदाबी राहायच्या. त्यांच्या यजमानांचं खडकी बाजारात शिवणाचं दुकान होतं. त्यांना हाक मारून मी बाळ त्यांच्या मांडीवर दिलं आणि म्हटलं, "सुनंदाजवळून उठू नका. काही झालं तरी उठू नका." आणि तशीच अनवाणी टेंबेबाईंच्या दारात गेले.

त्या दिवशी बाईंना बोलायला भरपूर जागा होती. वर्षभर त्यांना बूटवाली म्हणणारी बाई तेलकट हातांनी दारात उभी होती. त्यांनी मला आत बसवलं. सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "बाळ झोपलं तरी ती झोपत नाही, बरोबर? आणि 'मी नसले तर' म्हणजे काय, ते तिला विचारलंत?"

"असं कसं विचारायचं? अशुभ असतं."

"विचारल्यानं काही होत नाही, यमुनाबाई. न विचारल्यानं होतं."

बाई माझ्याबरोबर आल्या, आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं आणि अर्धा तास सुनंदाजवळ बसल्या. सुनंदा आता सांगते, की बाईंनी ते सरळ विचारलं, जसं ताप आहे का विचारावं तसं. आणि कुणीतरी विचारलं म्हणूनच तिला सांगता आलं. बाहेर येऊन बाई म्हणाल्या, "तिनं काही ठरवलेलं नाही. पण ती फार थकलीय आणि स्वतःला भितेय. तिला आजच डॉक्टरांना दाखवायचं."

मी म्हटलं, "आणि तुमचा व्यायाम?"

"आधी डॉक्टर. व्यायाम पळून जात नाही."

त्याच दुपारी त्या तिला रिक्षातून आपल्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या; मी आणि दत्ता बरोबर होतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बाळंतपणानंतर येणारी ही उदासी म्हणजे आजार आहे, नाटक नाही आणि वेडही नाही. औषध दिलं. हिला एकटी ठेवू नका आणि हिला झोपू द्या, असं बजावलं. मी विचारलं, "कुणाच्या चुकीनं होतं हे?" त्या म्हणाल्या, "गोवर कुणाच्या चुकीनं येतो?" दत्ता तिथं रिक्षावाल्यासमोर रडला. मग पाळी लावून आम्ही तिघं बाळ सांभाळायला लागलो. तिसरी पाळी हमीदाबींची.

काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी हो म्हटल्यावर टेंबेबाई म्हणाल्या, "उद्यापासून दहा मिनिटं चालायचं. मोकळ्या हवेत."

माझं शास्त्र एकदम उठून बसलं. मी म्हटलं, "बाकी सगळं ऐकलं. दवाखान्यात नेलं ते अडल्या वेळी. पण सव्वा महिना झालेला नाही. उंबरा ओलांडायचा नाही."

बाईंनी माझ्याशी वाद घातला नाही. विचार करून म्हणाल्या, "ठीक आहे. उंबरा नाही ओलांडायचा. मागच्या दाराला उंबरा आहे का?"

मी बघून आले. सरकारी क्वार्टर. मागच्या दाराला नुसतं सिमेंट.

"मग मागच्या दारानं जाऊ," बाई म्हणाल्या.

माझ्या सासूनं मला सगळं शिकवलं होतं, पण उंबरा नसलेल्या दाराबद्दल ती काही बोलली नव्हती. मी गप्प बसले. आयुष्यात जे मोजके प्रसंग असे आले, त्यातले निम्मे टेंबेबाईंमुळे.

पहिल्या दिवशी सार्वजनिक नळापर्यंत जाऊन परत. पुढे बाई बूट घालून. मागे सुनंदा, माझ्या हट्टामुळे कान बांधून आणि भर चैत्रात स्वेटर घालून. तिच्यामागे बाळ घेऊन मी. सगळ्यात मागे हमीदाबी छत्री धरून, कारण ऊनही लागू द्यायचं नव्हतं आणि वाराही. एका म्हाताऱ्यानं आम्हाला बघून दार लावून घेतलं. त्याला वाटलं वर्गणी मागायला आलो.

बाई सुनंदाला हसवायच्या फंदात पडल्या नाहीत. एवढंच म्हणायच्या, "उजवीकडे खड्डा आहे." आठ दिवस बाई तिच्याशी फक्त खड्ड्यांबद्दल बोलल्या. खडकीत त्या विषयाला तोटा नव्हता. शेवटी मी म्हटलं, "अहो, तिला जरा धीर द्या ना."

"धीर सगळेच देतायत," बाई म्हणाल्या. "ठेवायला जागा उरली नसेल तिच्याकडे."

क्वार्टर्समध्ये बोलणी सुरू झाली. पुढच्या गल्लीतल्या कदमांच्या सासूबाई नळावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "जी स्वतःच्या सुनेला महिन्याच्या आत गावभर फिरवते, ती माझ्या सुनेला काय सांभाळणार?" दोन-तीन घरांनी मला येऊ नका म्हणून निरोप धाडला. मला लागलं. पण सुनंदाला झोप लागायला लागली होती. आधी दोन तास, मग चार. ती झोपली की मी दारात बसायचे आणि मोठ्यानं बोलणाऱ्याला हातानं खाली बसवायचे. माझं काम गेलं असतं तरी त्या चार तासांवरून मी ते ओवाळून टाकलं असतं.

पुढे बाईंनी जमिनीवरचे व्यायाम सुरू केले. पाठीवर पडून गुडघे वाकवायचे, कंबर उचलायची, श्वास घ्यायचा, सोडायचा. अडचण अशी, की साडी नेसून हे होत नाही, आणि त्या काळी सुनेनं सासूसमोर विजार घालायची सोय नव्हती. बाईंनी यावर पुष्कळ विचार केला, आणि शेवटी उपाय हमीदाबींनी काढला. त्यांनी असा परकर शिवला की उभं राहिलं तर घेरदार परकर आणि पाय उचलला तर आत विजार. सुनंदाला तो पहिला मिळाला. महिन्याभरात क्वार्टर्सच्या समाजमंदिरात तसे परकर घातलेल्या सात-आठ ओल्या बाळंतिणी चटयांवर पडलेल्या असायच्या. प्रत्येकीला डॉक्टरांनी परवानगी दिली आहे का, हे बाई दारातच विचारायच्या. पोटावर टाके असलेल्या एकीला त्यांनी तीनदा परत पाठवलं होतं.

सासवा पाळत ठेवायला येऊन बसायच्या. बाईंनी नियम केला: बसायचं असेल तर मांडीवर बाळ घ्यायचं, आणि ज्या मांडीवर बाळ नाही तिनं व्यायाम करायचा. दुसऱ्या दिवसापासून सासवा वेळेआधी येऊन बाळं पटकावायला लागल्या. मी एकदा उशिरा पोचले आणि सापडले. माझे दोन्ही हात कानापर्यंतच वर गेले. बाई म्हणाल्या, "जगाचे हातपाय चोळलेत, स्वतःचे कधी हलवलेत का?" त्या दिवसापासून मीही चटई आणायला लागले, फक्त मागच्या रांगेत.

आता एक गोष्ट बाईंनी कधी कुणाला सांगितली नाही, ती मी सांगते. कदमांच्या सुनेची पाठ दुखायला लागल्यावर सासूबाईंना माझी आठवण झाली. मी गेले, तेल लावलं, आणि माझ्या अंगात बाई संचारल्या. मी त्या पोरीला हळूच म्हटलं, "आता गुडघे वाकव आणि कंबर उचल." ती सुंभाच्या बाजेवर निजली होती. सासूबाई बाजेवरच पायथ्याशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. तिसऱ्यांदा कंबर खाली आली आणि सुंभ तुटला. सून, सासू आणि तांदूळ एकदमच जमिनीवर आले. लागलं कुणाला नाही. बाळ झोळीत होतं, ते जागंही झालं नाही.

बाईंना कळलं तेव्हा म्हणाल्या, "मी जमिनीवर सांगितलं होतं."

"बाळंतिणीला जमिनीवर निजवतात होय?"

"मग आता कुठं निजलीय?"

एवढं मला बोलून त्या कदमांकडे गेल्या आणि तिथं म्हणाल्या, "चूक माझी. मी यमुनाबाईंना नीट समजावून दिलं नव्हतं." मी दारात उभी राहून हे ऐकलं. पुढच्या रविवारी टेंबेसाहेब आपली खुर्ची सोडून कदमांच्या ओट्यावर दिवसभर बाज विणत बसले होते. कारखान्यातल्या साहेबानं आपली बाज विणली, हे कदमांच्या सासूबाई नंतर इतक्या जणांना सांगत सुटल्या, की बाजेत कोण पडलं होतं ते मागेच पडलं. त्या आठवड्यात त्यांनी सुनेला घेऊन वर्गात नाव घातलं.

सुनंदाचं बरं होणं मात्र असं धडाक्यानं झालं नाही. चार दिवस बरे जायचे, दोन वाईट. वाईट दिवशी बाई म्हणायच्या, "आज नुसतं दारापर्यंत." दारापर्यंतही गेली नाही तर म्हणायच्या, "आज नुसतं उठून बस." रागावल्या नाहीत आणि सोडूनही दिलं नाही. मग साधारण दीड महिन्यानं, एका सकाळी, मी लाडू पुढे केला तर सुनंदा म्हणाली, "आत्या, डिंक जळलाय. महिनाभर जळलेलाच खातेय मी."

मी लाडू तिथंच ठेवला आणि बाईंकडे धावले.

"भांडली," मी म्हटलं.

"आवाज चढवून?"

"हमीदाबींकडे ऐकू गेलं."

"छान," बाई म्हणाल्या. "उद्यापासून वीस मिनिटं."

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी कुणी न सांगता तिनं बाळाला उचललं, उजेडात नेलं आणि बराच वेळ बघत बसली. मग मला म्हणाली, "हिच्या कानामागे तीळ आहे. तुम्ही कधी बोलला नाहीत." तो कान मी तीन महिने रोज तेलानं चोळत होते. मी म्हटलं, "असेल बाई. माझी नजर आता कमी झालीय."

लोक पुढे म्हणायला लागले, की टेंबेबाईंच्या चालण्यानं सुनंदा बरी झाली. बाईंना हे आवडत नसे. भर वर्गात त्यांनी सांगितलं, "औषधानं झाली, झोपेनं झाली, हमीदाबींच्या मांडीनं झाली आणि चालण्यानंही झाली. क्रम बदला हवा तर, पण एकही गाळू नका." एकदा वर्गातली एक मुलगी दिवसेंदिवस खचत होती. सगळ्या म्हणाल्या, हिला जास्त चालवा. बाईंनी तिचा व्यायाम त्या दिवशी थांबवला आणि स्वतः तिच्याबरोबर मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या, ती दाखल होती तितके दिवस रोज जाऊन आल्या. आपलं औषध कुठं चालत नाही ते ओळखणारा वैद्य मी फार कमी बघितलाय. मी स्वतः त्यातली नव्हते.

गौरवग्रंथात दोष सांगत नाहीत, असं सुनंदा म्हणते. पण नुसता गोड स्वयंपाक बाधतो. टेंबेबाईंचा चहा म्हणजे रंग दिलेलं पाणी. हळदीकुंकवाला गेल्या तरी बायकांना ताठ बसा म्हणतात. पाचला वर्ग म्हटलं की पाचला दार लावतात. एकदा त्यांनी टेंबेसाहेबांनाच बाहेर ठेवलं होतं, आणि ते गुपचूप ओट्यावर पेपर वाचत बसले होते. एवढी वर्षं संसार केल्यावर माणूस शिकतोच.

पाच वर्षांनी सुनंदाला पुन्हा दिवस गेले. तिनं मला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बघून मला पेढे आणायचं सुचलं नाही. "ते पुन्हा येईल का?" एवढंच तिनं विचारलं. मी तिला बाईंकडे घेऊन गेले. बाईंनाही नक्की ठाऊक नव्हतं, पण त्यांनी तसं सांगितलं. "येऊ शकतं," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी आपल्याला नाव माहीत नव्हतं. या वेळी माहीत आहे." सातव्या महिन्यात त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून कुणी काय करायचं ते ठरवून टाकलं. डॉक्टरीणबाईंना विचारून सुनंदाला शेवटच्या आठवड्यापर्यंत चालवलं, आणि या वेळी पुढच्या दारानं.

मुलगा झाला. पाचव्या दिवशी घरी पाचवी पुजायची होती. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं. पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. कदमांच्या सासूबाई पुढच्या ओळीत. मी आरतीचं ताट घेऊन उभी होते. तेवढ्यात सुनंदा, सगळ्यांच्या देखत, म्हणाली, "आत्या, मला सकाळपासून रडू येतंय आणि कारण काही नाही. बाईंना बोलवा."

पहिल्या वेळी सोळा दिवस ही पोर भिंतीकडे बघत होती आणि मला कळलं नव्हतं. या वेळी तिनं तोंडानं सांगितलं होतं, तेही पाचवीच्या पूजेत, जिथं बाळंतिणीनं हसतमुख बसायचं असतं. मी ताट हमीदाबींच्या हातात दिलं आणि बाईंना बोलवायला गेले.

आम्ही परत आलो तोवर आत गलका होता. कदमांच्या सासूबाई सांगत होत्या, "दुसऱ्या खेपेला मी तीन आठवडे न्हाणीघरात जाऊन रडायचे. नवऱ्याला वाटायचं मला अंघोळीची फार आवड." दुसरी त्यांना मध्येच तोडून स्वतःचं सांगत होती. सटवाई बिचारी ताटकळत उभी असेल. टेंबेबाईंनी सुनंदाजवळ बसून तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "पाचव्या दिवशी पुष्कळजणींना असं होतं. बहुतेकींचं आठ-पंधरा दिवसांत ओसरतं. आपण रोज बघू. नाही ओसरलं तर डॉक्टर आहेतच. पण तू सांगितलंस ना, आता निम्मं काम झालं." ते ओसरलं. नसतं ओसरलं तरी आम्हाला पुढचं पाऊल माहीत होतं.

टेंबेबाई, मी तुमच्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी, म्हणून आशीर्वाद द्यायचा अधिकार माझा आहे. तुमचे गुडघे तुमच्या जिभेइतके टिकोत. दोन वेळचं जेवण गोड लागो, दुपारची झोप शांत लागो. चहा सुधारेल असं मागत नाही, देवालाही मर्यादा आहेत. शंभरीपर्यंत तुम्ही आम्हाला ताठ बसायला सांगत राहा.

आणि एखाद्या सकाळी कारण नसताना उठावंसं वाटलं नाही, तर त्या दिवशी सगळ्यांच्या बाई होऊन बसू नका. तसं सांगा. निरोप धाडा. मी काठी घेऊन येते, हळू येईन, वाटेत दोनदा बसेन, पण येईन.

— यमुनाबाई खुटवड
(लिहून घेणारी: सुनंदा खुटवड)